करकोच्याच्या घरट्याचं वजन

निमे, परवा सगळे म्हणाले की तू फार शांत होतीस.

तुझ्या शोकसभेसाठी नेपरव्हिलच्या शाळेचं कॅफेटेरिया मराठी मंडळाने घेतलं होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या टर्की, त्यांच्याखाली टेबलावर तुझा फोटो आणि हार, आणि चाळीसेक माणसं ओले बूट काढू की नको या विचारात उभी. देशपांडे काकू बोलायला उठल्या. म्हणाल्या, ‘निर्मला म्हणजे अगदी गरीब गाय. इतक्या वर्षांत कधी आवाज चढवलेला ऐकला नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हातातला स्टायरोफोमचा कप इतका आवळला की तो फुटला आणि चहा साडीवर सांडला. काकूंना वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्यांनी मला जवळ घेतलं.

गरीब गाय म्हणे. माझ्या डाव्या कानाची पाळी अजून फाटकी आहे. तू कानाखाली वाजवलीस तेव्हा कुडं उडालं ते त्या दगडी अंगणात कुठे गेलं, शेवटपर्यंत सापडलं नाही. दिलीपला मी लग्नाआधी सांगितलं होतं की लहानपणी खेळताना लागलं. सात वर्षं मी त्या बाजूचे केस पुढे घेते आहे, आणि तुला हे लोक शांत म्हणतात.

मला चांगलं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मला भांडता येतं. तेव्हा भांडतेच.

आधी हे सांग, पाकिटातल्या त्या कार्डावर माझं नाव कशाला घातलंस? बुधवारी दुपारी ऑफिसात फोन आला. शिकागोत पाडकाम चाललेल्या एका जुन्या विटांच्या वखारीत भिंत कोसळली, खाली एक बाई सापडली, तिच्या पाकिटात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तुमचं नाव आहे. नात्याच्या रकान्यात तू ‘बहीण’ लिहिलं होतंस. पोलीस म्हणाला, ‘यू आर द सिस्टर?’ मी हो म्हटलं. खोटं बोलायची मला सवय आहे, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

शवागारात त्यांनी तुझं तोंड दाखवलं नाही. म्हणाले, नका बघू. उजवा हात तेवढा चादरीबाहेर काढला. विटांची लाल भुकटी नखांत गेलेली, मनगटाची दिशा भलतीच, पण मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा तसाच. मी म्हटलं, हो, हीच. मग बाहेर येऊन त्यांच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या टायरला लाथा मारल्या, पायाचं बोट सुजेपर्यंत. तुला मारता येत नव्हतं म्हणून.

आपण बहिणी कसल्या? तू नागपूरची आर्किटेक्ट, मी सांगलीची सिव्हिल इंजिनियर. इलिनॉयच्या मक्याच्या शेतांतल्या त्या युनिव्हर्सिटीत दोघीच मराठी म्हणून एका खोलीत येऊन पडलो. तू वरणात लसूण घालायचीस, मी गूळ, आणि त्यावरून एकदा पातेल्याचा कान तुटला. तुझं म्हणणं, ‘आधी बघ, मग मोज.’ माझं म्हणणं, बघून काय होतंय, आकडा सांग. तुझी एक इमारत बघून व्हायला चार दिवस लागायचे. मी तेवढ्यात तिचं सगळं गणित करून मोकळी व्हायचे आणि तुला डिवचत बसायचे. तू हसायचीस. तुझं ते हसणं मला तेव्हापासून खपत नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्रोफेसरांनी आपल्याला स्पेनला नेलं. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ती भिंत आठवणारी माणसं तिथे अजून आहेत. जुनं विद्यापीठाचं गाव. मधासारख्या रंगाचा दगड, दारांवर कोरीव काम, कधीकाळी पास झालेल्या पोरांनी भिंतींवर लाल रंगात लिहिलेली नावं, आणि जिथे म्हणून उंच जागा असेल तिथे करकोच्यांची घरटी. आपल्याला मोजायला दिलं होतं ते एक पडीक कॉलेज. मध्ये अंगण, एका बाजूला छोटं चर्च, आणि चर्चच्या माथ्यावर घंटा टांगायला उभारलेली एक उंच, पातळ भिंत. भिंतीला दोन कमानी. एका कमानीत घंटा, दुसरी रिकामी. आणि सगळ्यात वर बैलगाडीच्या चाकाएवढं घरटं.

ते पक्षी मुके असतात हे तिथे कळलं. आवाज म्हणून नाहीच, मान मागे टाकून नुसती चोच वाजवतात. पोळपाटावर कोणी रागाने लाटणं आपटत बसावं तसा तो आवाज. तू पहिल्या सकाळी शिडीवर उभी राहून अर्धा तास नुसती ऐकत राहिलीस. रखवालदार एउसेबियो खालून तुझ्याकडे बघत होता. साठीचा गडी, टोपी, दात पुढे. त्याला आपली भाषा येत नव्हती, आपल्याला त्याची जेमतेम. तो बोटांवर मोजून दाखवायचा की लहानपणी इतकी घरटी होती आणि आता एवढीच उरली. तुझ्या हातात तो रोज मूठभर चेरी ठेवायचा. मला कधी दिल्या नाहीत. माणसं त्याला बरोबर कळायची.

आपली कामाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक शीटवर टीम लीडरची सही हवी, हा प्रोफेसरांचा नियम, आणि लीडर तू. दिवसभर तू परांचीवर, हातांना चुना, खाली कागदाला हात लावायची सोय नाही. म्हणून सकाळी कॉफी पितानाच तू दहा कोऱ्या शीटांवर खाली उजव्या कोपऱ्यात सह्या ठोकून ठेवायचीस. त्यांवर दिवसभर मी मापं लिहायची. मी एकदा म्हटलं होतं, ‘कोऱ्या कागदावर सही करतेस, उद्या मी तुझी इस्टेट लिहून घेईन.’ तू म्हणालीस, ‘घे की. एक सायकल आहे.’

दुसऱ्या आठवड्यात ते पिल्लू पडलं. तू वरून बघितलंस, मी खालून. आईने, की बापाने, चोचीत मानेला धरून सगळ्यात लहान पिल्लाला उचललं, दोन झटके दिले आणि घरट्याबाहेर भिरकावलं. माझ्यापासून चार हातांवर फरशीवर ते फुटलं. तू शिडीवरून धडपडत खाली आलीस आणि ट्रेसिंग पेपरमध्ये ते गुंडाळलंस. तुझे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, ‘सगळ्यांना पुरेल इतकं खायला नसेल. हिशेबी आहे ती. बाकीची जगतील.’ तू म्हणालीस, ‘तू तिच्या बाजूने कशी बोलू शकतेस?’ मी म्हटलं, ‘तू नेहमी मेलेल्याच्या बाजूने का असतेस?’ त्या दिवशी आपण जेवलो नाही.

आणि मग भिंतीतली भेग. घंटेच्या कमानीपासून वर घरट्यापर्यंत गेलेली, आणि भिंत अंगणाच्या बाजूला किंचित झुकलेली. मी गणित मांडलं. घरट्याचं वजन भरमसाट आहे, शंभर वर्षांच्या काटक्या, माती, शेण, वर पावसाचं पाणी. ते उतरवा, भिंत वाचेल. मला ते इतकं स्वच्छ दिसत होतं की तुझा नकार मला शुद्ध मूर्खपणा वाटला. तू म्हणालीस, ‘एक पिल्लू अजून उडालं नाहीये. ते उडू दे. आणि घरटं आता इमारतीचाच भाग झालंय, सुलू. मी ड्रॉइंगमध्ये काढलंय, तू गणितात धर.’ मी खदखदून हसले. म्हटलं, ‘उद्या कबुतरांची शीट पण धरू का गणितात?’ तीन दिवस आपण त्यावर भांडलो. जेवताना, झोपताना, शिडीच्या वर आणि खाली. तुला काहीतरी विचारायचं होतं, तू दोनदा म्हणालीस, ‘माझं एक ऐक ना,’ आणि दोन्ही वेळा मी बोलू दिलं नाही.

मग तू जुने नकाशे बघायला दोन दिवस माद्रिदला गेलीस. तुझ्या सहीच्या कोऱ्या शीट्स माझ्यापाशी होत्या.

निमे, भिंत पडेल या भीतीने मी ते केलं असं मी सगळ्यांना सांगू शकते. गणितही तेच सांगत होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला जिंकायचं होतं. तू परत येशील तेव्हा वर काही नसेल आणि भिंत उभी असेल, आणि तुझं ते हसणं बंद होईल, एवढंच मला हवं होतं. मी तुझ्या सहीच्या शीटवर भिंतीचं चित्र काढलं, घरट्यावर मोठी फुली मारली आणि त्या दिवसाची तारीख घातली. गवंड्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तुझी सही त्यांच्या ओळखीची होती.

ते दोघं पहारी घेऊन वर चढले. घरटं सुटेना. माझा संयम संपला, मी पण चढले आणि एकाच्या हातातली पहार घेतली. मला ते आवडलं, निमे, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पहार खुपसायची, वजन टाकायचं, ढीग हलला की पुन्हा खुपसायची. ते राहिलेलं पिल्लू जवळजवळ आईएवढं झालेलं होतं. पळालं नाही. घरट्याच्या तळाशी अंग चपटं करून, मान लांब टाकून पडून राहिलं, मेल्याचं सोंग करून. ती त्यांची रीत असते, हे नंतर तूच सांगितलंस. मला वाटलं, मेलंच आहे. पहारीने उलथलं तेव्हा त्याने डोळा उघडला. मग सगळं खाली गेलं. काटक्या, दोरखंड, चिंध्या, कोणा लहान मुलाचा लोकरी मोजा, आणि ते. आईबाप चर्चभोवती घिरट्या घालत होते, उतरायचे, पुन्हा उडायचे आणि चोचा वाजवायचे. एउसेबियो खाली उभा होता. त्याने छातीवर क्रूस काढला आणि माझ्या दिशेने थुंकला.

तू दुसऱ्या दिवशी दुपारी आलीस. पिशवी खाली ठेवलीस, वर बघितलंस, अंगणातला ढीग बघितलास, आणि सरळ चालत येऊन माझ्या कानाखाली मारलीस. मी तुझी वेणी धरली. तू माझ्या दंडाला चावलीस. आपण फरशीवर लोळलो, दोन शिकल्यासवरलेल्या बायका, चुन्यात आणि रक्तात, आणि एक शब्द कोणी बोललं नाही. गवंड्यांनी ओढून वेगळं केलं. माझा कान गळत होता. तू त्या काटक्यांच्या ढिगापाशी जाऊन बसलीस आणि त्यातून ते पिल्लू काढलंस.

चौथ्या दिवशी वारा सुटला. भर दुपार, आभाळ पिवळं. आपण दोघी अंगणाच्या दोन टोकांना होतो, बोलणं बंदच होतं. आधी घंटा वाजली. कोणी ओढली नव्हती. मग ती भिंत वरच्या बाजूने हळूच अंगणाकडे झुकली आणि आली. घंटा एउसेबियोच्या खोलीच्या छपरातून आत गेली. तो आत दुपारची झोप घेत होता.

आपण हातांनी दगड उपसले. तेव्हा कुठे पुन्हा बोललो, ‘हा धर’, ‘तिकडून’, ‘जोर लाव’. तुझं नख मुळापासून उपटलं, तरी तू थांबली नाहीस. तो शुद्धीवर होता आणि ओरडत नव्हता, नुसता तुझ्याकडे बघत होता. घंटेखाली त्याचा डावा पाय होता, पाय म्हणण्यासारखं राहिलेलं नव्हतं. गुडघ्याखाली कापला.

माझं गणित उलटं होतं. पुस्तकांची डळमळती चळत असते ना, तिच्यावर वरून हात दाबून ठेवला तर ती धक्क्याने घसरत नाही. हात काढला की घसरते. घरटं तो हात होतं. शंभर वर्षं ते त्या पातळ भिंतीला वरून दाबून धरून होतं, वाऱ्यासमोर. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात. मला येत होतं. पण मी घरट्याला कचरा समजले, वजन समजले नाही.

प्रोफेसर आले. टेबलावर ती शीट ठेवली, फुलीची. अक्षर माझं, सही तुझी. त्यांनी विचारलं, ‘इज धिस युअर सिग्नेचर?’ तू शीटकडे बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मी ग्लासात पाणी ओतत होते. तू म्हणालीस, ‘येस. इट इज माय सिग्नेचर.’ त्यांनी अक्षर कोणाचं हे विचारलंच नाही. शीट्स मीच लिहायचे, हे त्यांना माहीत होतं. लीडरने सांगितलं आणि हिने लिहिलं, असं त्यांनी धरलं. आणि मी मूग गिळून बसले.

तुझी असिस्टंटशिप गेली, डिग्री गेली. माझी पुरी झाली. परतीच्या विमानात मी तुला विचारलं, ‘का?’ तू खिडकीतून बघत म्हणालीस, ‘कोऱ्या कागदावर सही केली ती माझीच चूक.’ मग कितीतरी वेळाने, ‘मी थांबले होते, सुलू. उत्तर द्यायच्या आधी मी थांबले होते. मला वाटलं तू बोलशील.’

त्यानंतर एकदाही तू तो विषय काढला नाहीस, आणि तिथेच मला मारलंस. ती कानाखालची परवडली असती. मला नोकरी लागली, इंजिनियरचं लायसन्स मिळालं, लग्न झालं, सई झाली, नेपरव्हिलला घर झालं. तू शिकागोत एका खोलीत राहायचीस आणि पाडायला निघालेल्या इमारतींची मापं घेत फिरायचीस, पाडायच्या आधी कोणीतरी त्यांचं चित्र काढून ठेवायला हवं म्हणून. दर दिवाळीला सकाळच्या ट्रेनने यायचीस, चकल्या बिघडवायचीस, सईला चित्रं शिकवायचीस. सई तुझ्यासाठी दारात उभी असायची. ‘मावशी, शो मी द बर्ड वन,’ म्हणायची, आणि तू करकोचा काढायचीस, माझ्या डायनिंग टेबलवर, माझ्यासमोर. तू मुद्दाम काढत नव्हतीस हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी तुझ्या बुटांवरून बोलायचे, लग्न करत नाहीस यावरून बोलायचे, ‘मेलेल्या इमारतींच्या मागे काय लागलीस’ म्हणायचे. तू हसायचीस. तुझे उपकार अंगावर घेऊन मी सात वर्षं जगले आणि त्याबद्दल मी तुझा द्वेष केला. प्रेमही केलं. पण द्वेषाला मी रोज खायला घालत होते.

आता मंगळवार.

मी पोळ्या करत होते. फोन खांद्याने कानाशी धरला, हाताला पीठ. तू रस्त्यावरच्या फोनवरून बोलत होतीस, मागे ट्रकचा आवाज.

‘सुलू, एक विचारायचंय. त्या वखारीच्या कोपऱ्यावरची पाण्याची टाकी काल काढली यांनी. कोपऱ्याची भिंत आता चार मजले सुटी उभी आहे. मला उद्या आत जाऊन जिन्याची मापं घ्यायचीत. वरचं वजन काढलं की काय होतं, ते तुला माहीतच आहे.’

चोराच्या मनात चांदणं. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, ‘सात वर्षं तोंड शिवून बसलीस, आणि आज टोमणा मारायला फोन केलास?’

‘अगं टोमणा कसला. मला खरंच कळत नाहीये. भिंत उभी राहील का, एवढंच सांग. जमलं तर सकाळी येऊन बघून जा.’

‘तूच ठरव. सही तुझीच असते ना,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला. रिसीव्हरला पीठ लागलं होतं. तव्यावरची पोळी जळली होती.

बुधवारी सकाळी वारा होता. ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर माझी छत्री उलटी झाली. मला तुझी आठवण झाली, आणि मी मनात म्हटलं, संध्याकाळी करीन फोन. राग थोडा निवू दे.

तुझी खोली मी आवरली. बहीण ना मी. दोन पातेली, सायकल, आणि भिंतभर ड्रॉइंग्ज, एकही इमारत आता उभी नसलेली. टेबलाच्या खणात एक जाड पाकीट होतं. त्यात ती फुलीची शीट. म्हणजे पुरावा तुझ्याजवळ होता, सगळा काळ, माझ्या अक्षरातला, आणि तू माझ्याकडे चकल्या खायला येत होतीस. तिच्याखाली घंटेच्या भिंतीचं तुझं ड्रॉइंग. घरट्याची काडीन् काडी काढलेली, त्यातून खाली येणारा एक बाण, आणि कडेला पेन्सिलीने तुझ्या बारीक अक्षरात: ‘सुलूला विचारायचं. हे वजन भिंतीला दाबून धरत असेल का?’ तारीख तू माद्रिदला गेलीस त्याच्या आदल्या दिवसाची.

‘माझं एक ऐक ना’ ते हे होतं. मी तुझ्या खोलीतल्या जमिनीवर बसून ओरडले. शेजारच्याने भिंतीवर थाप मारली.

पाकिटात एउसेबियोची कार्डंही होती, दर ख्रिसमसची. मी ती ऑफिसातल्या मेक्सिकन ड्राफ्ट्समनकडून वाचून घेतली. एका कार्डात फोटो आहे. पडलेल्या भिंतीचा जो बुंधा राहिला होता त्यावर नवीन घरटं, एवढंसं, आणि बाजूला कुबडी घेऊन तो. मागे लिहिलंय की ते परत आले आहेत, आता पायाबद्दल मनाला लावून घेऊ नकोस, मी तुला कधीच माफ केलंय. जे तू केलंच नव्हतंस त्याची त्याने तुला माफी दिली आणि तू ती घेतलीस. माझ्यासाठी घेतलीस. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, निमे, आणि इतकं तुझ्या गळ्यात पडावंसंही वाटलं नव्हतं.

दिलीपला काल सगळं सांगितलं. कानाचंही. तो म्हणाला, ‘आता सांगून कोणाला काय फरक पडणार आहे? लायसन्स जाईल तुझं. नोकरी जाईल.’ मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, नीट विचार कर. त्याचं चुकत नाही. घर आहे, सई आहे. सई जिन्यावर बसून ऐकत होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, ‘आई, हू ब्रोक द वॉल? मावशी?’

मी म्हटलं, ‘नाही. मी.’ मोठ्याने म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

आज सकाळी पत्रं लिहिली. एक प्रोफेसरांना, एक त्या गावाच्या नगरपालिकेला, एक लायसन्स बोर्डाला, आणि एक एउसेबियोला. प्रत्येकात एकच गोष्ट आहे. फुली मी मारली, निर्मलाने ती शीट कोरी असताना सही केली होती, तिला काही माहीत नव्हतं. प्रत्येकाखाली माझी सही आहे, मजकूर पुरा लिहून झाल्यावर केलेली. ती पोस्टाच्या पेटीत टाकून आले. देशपांडे काकूंनी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय, त्यांना हे देणार आहे. तुझी गरीब गाय त्यांनी परत घ्यावी.

आता तुझा प्रश्न राहिला. तू तो दोनदा विचारलास, एकदा ड्रॉइंगच्या कडेला आणि एकदा फोनवर, आणि दोन्ही वेळा मी भांडत होते. उत्तर सोपं आहे गं, मला एका मिनिटात देता आलं असतं. हो, ते वजन भिंतीला दाबून धरत होतं. टाकी काढल्यावर तुझी भिंत वाऱ्यात उभी राहणार नाही. आत जाऊ नकोस, निमे. जिन्याची मापं राहू देत. मी सकाळच्या ट्रेनने येते, तोवर बाहेर रस्त्यावर थांब.